कडक वाट, मोठं पाणी

१२ एप्रिल २०१२

वारा वायव्येचा. डोळ्यांत मीठ. मालगाडी चाळीस मिनिटं उशिरा. स्टेशन मास्तरकीतून सुटून तीन वर्षं झाली, तरी ही ओळ लिहिल्याशिवाय माझं पान सुरू होत नाही.

आज पत्र आलं. ‘बोझतोबे स्थानकालगतची निरुपयोगी साइडिंग (बाजूचा रूळ), तिच्यावरील निकामी डबा व शेजारील मोडकळीस आलेले कोठार एक जुलैपूर्वी उचलून भंगारात काढण्यात येईल.’

निरुपयोगी! निकामी! कोठार! ज्यानं हे लिहिलं त्याला हिवाळ्यात एक दिवस त्या कोठारात कोंडून ठेवायला हवं. ते बर्फघर आहे. अरल समुद्र गोठला की आमची माणसं करवतीनं बर्फ कापून आणायची, लव्हाळ्यांखाली झाकून ठेवायची, आणि तो ऑगस्टपर्यंत पुरायचा. बर्फघराला दोन दारं. एका दाराला समुद्र, दुसऱ्या दाराला रेल्वे. या दारानं होडीतला मासा आत यायचा, त्या दारानं बर्फाच्या डब्यात चढून पार मॉस्कोपर्यंत जायचा. आता समुद्राच्या दारात उभं राहिलं तर उंट दिसतात. म्हणून काय ते दार नव्हतंच म्हणायचं?

सोळा वर्षांपूर्वी गावानं तिथं संग्रहालय केलं. माझ्या वडिलांची सतरा नंबरची होडी वाळूत रुतून पडली होती, ती अकरा उंटांनी आणि एका ट्रॅक्टरनं ओढून आणली. ट्रॅक्टर अर्ध्या वाटेत बंद पडला, उंट नाही पडले. लोकांनी घराघरांतून जाळी, होकायंत्रं, गार्डाचे कंदील आणून दिले. कुणाची परवानगी मागितली नाही, कुणापुढं हात पसरला नाही. बहुतेक हेच त्यांना खुपतंय.

एकच मार्ग आहे म्हणे. संरक्षित वास्तूंच्या यादीत नाव घालायचं. त्यासाठी शहरातून कुणी तज्ज्ञ येणार आणि होडी, बर्फघर आणि डबा यांचा एकमेकांशी संबंध होता याचा लेखी पुरावा मागणार. आईचा आणि मुलाचा संबंध होता याचासुद्धा मागतील.

१५ एप्रिल

वारा पडलेला. कुलाश वहिनींकडे जेवलो. माझी बायको गेल्यापासून चूल त्यांचीच. अंगण एकच आहे आमचं, मधल्या भावाचं नि माझं. भाऊ जाऊनही चौदा वर्षं झाली.

अफानासी आला होता. हा माझा जुना दोस्त. इंजिन ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाला. संग्रहालयाची किल्ली त्याच्याकडे असते. वहिनींनी त्याला नेहमीसारखा काठोकाठ चहा दिला. आमच्यात पाहुण्याला पेला अर्धाच भरून देतात. संपला की पुन्हा, संपला की पुन्हा. काठोकाठ भरला की समजायचं, पी आणि ऊठ. गेली कित्येक वर्षं वहिनी त्याला असाच पेला देतात. मासळीच्या दिवसांतली काहीतरी अढी असेल, बायकांचं काय सांगावं. अफानासी रशियन असला तरी जन्म इथलाच, त्याला कळत नाही असं नाही. पण गपगुमान पितो, मिशा पुसतो आणि उठतो.

पत्र वाचून दाखवलं. वहिनी म्हणाल्या, “शिट्टी, ओरडून काय होणार? ते लोक येतील तेव्हा जेवायला काय करायचं ते सांग.”

शिट्टी म्हणजे मी. मी तेरा वर्षांचा असताना ही बाई या घरात सून म्हणून आली. सुनेनं सासरच्या कुणाचंच नाव घ्यायचं नाही, धाकट्या दिराचंसुद्धा नाही. म्हणून सुना आम्हाला नावं पाडतात. कुणाला राजकुमार म्हणतात, कुणाला गोरा म्हणतात. मी दिवसभर इंजिनासारखी शिट्टी वाजवत हिंडायचो, म्हणून माझ्या वाट्याला हे. आज मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. एकोणचाळीस वर्षांची नोकरी, दोन पदकं. आणि ही बाई फलाटावर, चारचौघांत, प्रांताधिकाऱ्यासमोर, “शिट्टी, टोपी घाल!”

“वहिनी,” म्हटलं, “शहरातली माणसं येतील तेव्हा तरी मला एसेन्ताय म्हणा. कायद्यानं ते माझं नाव आहे.”

“तुझं नाव तुझ्या बायकोनं घ्यावं,” म्हणाल्या. “तिनंही कधी घेतलं नाही.”

२७ एप्रिल

दोन आठवडे कपाटं उपसली. स्थानकाची जुनी कागदपत्रं शहाण्णव साली पाण्याच्या टाकीखाली कुजून गेली. मासळी कारखान्याची त्याआधीच चुलीत गेली. एक कागद धड नाही.

अफानासी बाकावर बसून माझी धडपड बघत होता. म्हणाला, “मास्तर, तुझ्या पेटीत आहे की कागद.”

“तो कागद नाही, कलंक आहे.”

“त्यात होडी आहे, बर्फ आहे, डब्याचा नंबर आहे. अजून काय हवं?”

हवं ते असं की तो खरा असावा. लिहून टाकतो, निदान इथं तरी. अडुसष्ट ते एकाहत्तर बर्फघराची नोंदवही कुलाश वहिनी लिहीत असत. कोणाच्या होडीतून किती पेट्या आल्या, किती बर्फ लागला, कुठल्या डब्यात चढल्या. अक्षर मोत्यासारखं. आणि त्या मोत्यांसारख्या अक्षरांत पानंच्या पानं खोटी माणसं. आमच्या वडिलांचं, तेमिरखानचं, नाव चार वर्षांत एकदाही नाही! अख्ख्या किनाऱ्यावर सगळ्यांत जास्त मासा आणणारा माणूस, आणि त्याच्या सुनेच्या वहीत त्याच्या नावावर एक पेटी नाही. थोरल्या भावाचं, तेंगिझबेकचं, तेच. उलट कुणी शोयिनखान आणि कुणी दर्याबेक यांच्या नावांवर शेकडो पेट्या. असे नावाडी या बंदरात कधी नव्हतेच. शोयिनखान! शोयिन म्हणजे बीड, ओतीव लोखंड. पोराचं नाव बीड ठेवणारी आई मला दाखवा. खोटं नावसुद्धा धड शोधायचे कष्ट घेतले नव्हते.

तक्रार झाली. ती व्हायलाच हवी होती. तपासनीस आला, वहीवर लाल शेरा मारला आणि वहिनींना लिहिण्यावरून काढून मासे चिरायला बसवलं. अकरा वर्षं त्या थंडगार मिठाच्या पाण्यात हात घालून बसल्या. भाऊ त्या वर्षी कामाच्या शोधात थोरल्याबरोबर कास्पियनकडे गेला होता. परतला तेव्हा त्याला म्हणाल्या, “लिहायचा कंटाळा आला.” अपराधी माणूस आणखी काय सांगणार?

ऐंशी साली मी मास्तर झालो, तेव्हा कपाटात ती वही मिळाली. घराची अब्रू म्हणून घरी आणून पेटीत टाकली. ती आता शहरवाल्यांपुढं ठेवू?

११ मे

वारा आग्नेयेचा, मंद. तज्ज्ञ बाई सकाळच्या गाडीनं आल्या. बाई कसली, पोर आहे. झान्साया नाव, वय अठ्ठावीस. मला वाटलं होतं कुणी चष्मेवाला, पांढऱ्या केसांचा माणूस येईल आणि मी त्याला चार सुनावीन. हिला काय सुनावणार? उतरल्या उतरल्या डब्याच्या छतावर चढली, बर्फ टाकायच्या झडपा उघडल्या, आत डोकं घालून वास घेतला.

“आजोबा, अजून माशाचा वास येतो!”

आजोबा! वहिनी शिट्टी म्हणतात, ही आजोबा म्हणते. मास्तर म्हणायचं कुणाच्या जिभेला जड जातं कोण जाणे.

होडी पाहिली, बर्फघर मापलं, रुळावरचा कारखान्याचा छाप टिपला. मग तेच. “सुंदर आहे. पण कागद?”

मी समितीबद्दल, पत्राबद्दल आणि एकूण सरकारबद्दल माझं मत सांगितलं. बराच वेळ सांगितलं. संपल्यावर पाहतो तर अफानासीनं माझ्या घरातून पेटी उचलून आणली होती आणि वही तिच्या मांडीवर उघडी होती. संताप संताप झाला. चाळीस वर्षांचा दोस्त, आणि विचारायची पद्धत नाही!

१२ मे

वहिनींनी पोरीला जेवायला बोलावलं. पिठाचे तळलेले बौर्सक, खारवलेला मासा, उंटिणीचं ताक. पोर पोटभर जेवली. वहिनींनी तिला अर्धा अर्धा करून अकरा पेले चहा पाजला. मी मोजले.

आणि माझी लाज काढली. पोरीनं सहज विचारलं, “आजी, तुम्ही जाता का संग्रहालयात?”

“कुठं?”

“त्या... तुम्ही काय म्हणता त्याला?”

“मोठ्या पाण्याचं नि कडक वाटेचं घर,” वहिनी म्हणाल्या.

पोर हसली नाही. वहीत लिहून घेतलं. मग बोट दाखवून दाखवून विचारत सुटली. दाराची कडी कशाची? “कडक.” खिळा? “बारीक कडक.” तिकडे पूर्वी काय होतं? “मोठं पाणी.” जन्मभर ही बाई रेल्वेच्या कडेला राहिली, रेल्वेचा शब्द तोंडातून काढला नाही. आमच्या भाषेत रेल्वेला तेमिर-झोल म्हणतात, लोखंडी वाट. आणि सासऱ्याच्या नावात तेमिर. समुद्राला तेंगिझ म्हणतात, आणि ते थोरल्या दिराच्या नावात. म्हणजे माझ्या संग्रहालयाच्या पाटीवरचे ‘रेल्वे’ नि ‘समुद्र’ हे दोन्ही शब्द तिला मोठ्यानं वाचता येत नाहीत. घरात ठीक आहे, आम्हाला सवय आहे. पण शहरातून आलेल्या माणसापुढं? ती काय लिहील, बोझतोबेचे लोक अजून दगडाच्या युगात आहेत म्हणून?

पोरीला सोडायला निघालो तेव्हा मी तसं बोललोही. पोर माझ्याकडे जरा विचित्रच बघत होती. “आजोबा, ती वही तुम्ही नीट वाचलीय?”

“पाठ आहे,” म्हटलं.

१३ मे

वही वाचून काढली तिनं. बंदराची जुनी यादी तिच्या त्या चपट्या यंत्रात आहे. तिथं शोयिनखान नाही, दर्याबेक नाही. मला माहीतच होतं. शिवाय आतल्या पानावर तपासनिसाचा लाल शेरा: ‘जागरूक कामगाराच्या तक्रारीवरून तपास केला. नोंदी खोट्या. संबंधित स्त्री कबूल करते की ही माणसे तिच्या घरातलीच आहेत. खरी नावे लिहून सही करण्यास सांगितले असता नकार.’

“बघ,” म्हटलं अफानासीला, “कबुली आहे. घरातलीच म्हणे. आमच्या घराचं नाव वापरून चोरी.”

 अफानासी टोपी काढून टोपीत बघत बसला. त्याची ही सवय मला फार चीड आणते.

पोर म्हणाली, “पंधरा तारखेला आजींना बर्फघरात बोलावते. त्यांचा जबाब घेते.”

“त्या बोलणार नाहीत. एक्केचाळीस वर्षं मूग गिळून बसल्यात.”

“त्यांना कुणी विचारलं होतं?”

काय प्रश्न आहे! तपासनिसानं विचारलं होतं. एवढा लाल शेरा दिसत नाही?

१४ मे

वारा नाही. सकाळी सकाळी लिहायला बसलोय, कारण पोरीचा तो प्रश्न कालपासून पाठ सोडत नाही.

मी कधी विचारलं नाही. हे खरं आहे. मी बावीस वर्षांचा होतो, स्थानकावर नवा सहायक. वडील त्या वसंतात गेले. त्यांची आठवण म्हणून त्यांच्या होडीच्या नोंदी बघाव्यात, या ओढीनं बर्फघरात जाऊन ती वही उघडली. पानामागून पान उलटलं. बापाचं नाव नाही. डोक्यात तिडीक गेली. ज्या हातांनी मला वाढलं, ज्या हातांनी मला वळणदार अक्षर काढायला शिकवलं, त्याच हातांनी माझ्या बापाला वहीतून पुसून टाकलं होतं.

तक्रार मी लिहिली. सही केली नाही, ‘जागरूक कामगार’ लिहिलं. पाकीट अफानासीला दिलं. तो तेव्हा इंजिनावर मदतनीस होता, गाडी घेऊन जिल्ह्याला निघाला होता. म्हटलं, तपासनिसाच्या हातात दे, कुणाला सांगू नकोस. त्यानं दिलं आणि सांगितलं नाही. जिल्ह्याच्या फलाटावर गावातल्या कुणीतरी त्याला ते देताना पाहिलं, असं पुढं कानावर आलं. त्यात काय एवढं. पोस्टमनही पाकिटं देतो.

मी चूक केली नव्हती. अजूनही मला तसंच वाटतं. बापासाठी केलं.

१५ मे

बर्फघर. पोर एका पेटीवर बसली, वहिनी होडीच्या कठड्याला टेकून. पांढरा रुमाल धुऊन बांधला होता. अफानासी दारात. मी उभा. जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

“आजी,” पोर म्हणाली, “ही वही तुमची?”

वहिनींनी वही हातात घेतली, पहिल्या पानावरून हात फिरवला. “माझी.”

“शोयिनखान कोण?”

“आमच्या घरातले मोठे.”

“तुमचे कोण लागत?”

“सासरे.”

“आणि दर्याबेक?”

“थोरले दीर. कास्पियनवर वारले.”

तेमिर म्हणजे लोखंड. शोयिन म्हणजे बीड. तेंगिझ म्हणजे समुद्र, दर्या म्हणजे दर्या. हे शेंबड्या पोराला कळलं असतं. परवाच मी स्वतःच्या हातानं इथं लिहिलंय की ती बाई हे दोन शब्द तोंडातून काढत नाही! लिहिलं, आणि पुढच्या पानावर गेलो. मला खाली बसावंसं वाटलं, पण पेटी एकच होती.

“मग वहीत खरं नाव का नाही लिहिलं?” पोरीनं विचारलं.

“अगं, जे बोलू नये ते लिहायचं कसं? ओठांना बंदी आणि बोटांना मोकळीक, असं असतं का?” वहिनी म्हणाल्या. “नाव घेता येत नाही म्हणून त्याच्या जवळचा शब्द लिहिला. गावात सगळ्यांना कळायचं. हमालांना कळायचं. पोरी हसायच्या. आमच्या मोठ्यांनी एकदा वही पाहिली, म्हणाले, सूनबाईनं मला वितळवून ओतलं की गं! हसले फार.”

“तपासनिसाला हे का नाही सांगितलं?”

“तो लांबचा माणूस. त्याला सांगितलं, ही आमच्या घरातलीच माणसं. तो म्हणाला, मग खरं नाव लिही नि सही कर. मोठ्यांना जाऊन चार महिने झाले होते. त्यांच्या नावाला माझा हात लावू?” वहिनींनी वही मिटली. “मी पेन ठेवून दिलं.”

“आणि घरी?”

“घरी कुणी विचारलं नाही.”

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या काही सुचवत नव्हत्या, विचारलं त्याचं उत्तर देत होत्या.

पोर म्हणाली, नोंदीसाठी खरी नावं कुणीतरी घ्यावी लागतील. वहिनी चटकन म्हणाल्या, “शिट्टी घेईल. त्याचेच वडील, त्याचाच भाऊ.” जणू पोरासाठी पेढा राखून ठेवला होता.

मी घेतली. तेमिरखान. तेंगिझबेक. वहिनींनी मान खाली घालून रुमाल सारखा केला. रडल्या नाहीत, उलट चेहरा उजळला होता.

एवढ्यावर संपलं असतं तर किती बरं झालं असतं. पण पोर कामाची पक्की. तिनं लाल शेऱ्यावर बोट ठेवलं. “हा शेरा राहिला तर समिती वही धरणार नाही. तक्रार कुणी केली आणि कशावरून, ते कळलं तर तो खोडता येईल. तक्रारदार हयात आहे का?”

वहिनी अफानासीकडे वळल्या. सरळ, स्वच्छ. “अफानासी, आता तरी बोल. नातवंडं झाली आपल्याला. कारण काही का असेना, मी मनात ठेवणार नाही.”

अफानासीनं टोपी काढली. “कुलाश, मी फक्त पाकीट नेलं.”

“कुणाचं?”

तो टोपीत बघत राहिला. एक्केचाळीस वर्षं तो त्या टोपीत काय बघत होता ते मला तेव्हा कळलं. मी गप्प राहिलो असतो तर तोही राहिला असता. काठोकाठचे पेले पीत राहिला असता. होडी, डबा, बर्फघर भंगारात गेलं असतं, आणि मी त्या सरकारला शिव्या देत सुखानं जगलो असतो.

“माझं,” मी म्हणालो. “मी लिहिलं.”

 वहिनी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. अनोळखी माणूस गाडीतून उतरला की आपण बघतो तसं. मग म्हणाल्या, “दूध चुलीवर ठेवून आलेय,” आणि गेल्या.

मी जबाबावर सही केली. पूर्ण नाव, पद, तारीख.

१६ मे

वारा पश्चिमेचा.

राग येतोय. त्या तपासनिसाचा येतोय, दोन पावलं चालून गावात कुणालाही विचारलं असतं तर? त्या रूढीचा येतोय, चार अक्षरांसाठी एका बाईचे हात मिठात कुजवणाऱ्या. अफानासीचा येतोय, मला तोंडावर का नाही बोलला? बोललो त्याला. तो म्हणाला, “तू कुणाला सांगू नको म्हणाला होतास.”

एवढे सगळे मोजून झाले. अजून एक उरतो.

वहिनींचं जेवण नेहमीसारखं झाकून अंगणाच्या कठड्यावर ठेवलेलं होतं. आत बोलावलं नाही.

१९ जून

आलं! यादीत नाव आलं. साइडिंग, डबा, बर्फघर, होडी, सगळं. समितीनं लिहिलंय, ‘हस्तलिखित नोंदवहीमुळे तिन्ही वस्तूंचा परस्परसंबंध निर्विवादपणे सिद्ध होतो.’ भंगारवाल्यांची गाडी काल येऊन फलाटावर उभी होती, ती तशीच परत पाठवली. मी स्वतः हिरवा झेंडा दाखवला. झान्सायानं पत्रासोबत चिठ्ठी पाठवलीय: पाटीखाली आजींनी दिलेलं नावही लावा. अफानासीनं आज ती छोटी पाटी रंगवली. कडक वाट, मोठं पाणी. गाव लोटलं होतं. मला मिठ्या मारत होते, मास्तर, तुम्ही वाचवलंत.

वही काचेखाली ठेवली. लाल शेऱ्याशेजारी माझा जबाब. ज्यांना वाचता येतं ते वाचतील.

वहिनी आल्या होत्या. पाटी वाचली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना संग्रहालयाची पाटी मोठ्यानं वाचता आली. दोनदा वाचली.

२४ जून

वारा नाही. गाड्या वेळेवर.

आज वहिनींनी आत बोलावलं. मी आणि अफानासी दोघंही. पाच आठवड्यांनी त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. बौर्सक होते. मी मनाशी वाक्य जुळवून गेलो होतो, चांगलं लांब, माफीचं.

वहिनींनी किटली उचलली. अफानासीच्या पेल्यात चहा ओतला. अर्ध्याहून कमी. दूध घातलं, दोन्ही हातांनी पुढं केला. अफानासीनं पेल्यात पाहिलं, मग वहिनींकडे पाहिलं, आणि तो म्हातारा इंजिन ड्रायव्हर हुंदका आवरता येईना म्हणून खोकत सुटला. त्याला आज सात पेले झाले.

मग माझा पेला घेतला. ओतत राहिल्या. अर्धा झाला, पाऊण झाला, थांबल्या नाहीत. चहा काठाला लागून थरथरत उभा राहिला. एक थेंब सांडला नाही. बोटं वाकडी झाली असली तरी हात अजून स्थिर आहे.

“घे, एसेन्ताय,” म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. पन्नास वर्षांत त्यांच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदा ऐकलं. सुना सासरच्या माणसांचं नाव घेत नाहीत. बाहेरच्याचं घेतात.

जुळवलेलं वाक्य आठवलं नाही. चहा कढत होता, तसाच प्यालो. पेला पालथा ठेवला आणि उठलो.